पेपरलेस-एनजीएक्स: मराठी दस्त शोधताना ‘पाटील’ शून्य, ‘खरेदीखत’ला भलतेच कागद

खातेवही (प्रश्न)

जमीन-मालमत्तेचं दप्तर पेपरलेस-एनजीएक्स या कागदपत्रं साठवून शोधायच्या सॉफ्टवेअरवर आणलं आहे. डॉकरवर (सॉफ्टवेअर बंदिस्त कंटेनरमध्ये चालवायची सोय) चालतं, डेटाबेस पोस्टग्रेस. साधारण १४,००० पीडीएफ आहेत: सातबारा, आठ-अ, फेरफार, खरेदीखत, बक्षीसपत्र, कुलमुखत्यारपत्र, सूची क्रमांक २, नोटिसा, पत्रव्यवहार. काही स्कॅन केलेले (२०० डीपीआय, काळं-पांढरं), काही संगणकावर टाइप करून पीडीएफ केलेले, काही पोर्टलवरून उतरवलेले डिजिटल सहीचे.

अ‍ॅडव्हान्स्ड सर्चमध्ये हे असं होतं:

‘पाटील’ टाकलं की शून्य. हे आडनाव शेकडो दस्तांत आहे.
‘खरेदीखत’ टाकलं की खरेदीखतं येतात, पण सोबत खर्चाचे तक्तेही येतात.
‘फेरफार’ टाकलं की बरंच काही येतं. ‘फेर*’ टाकलं की मात्र काहीच नाही.
‘शेतकऱ्यांच्या’ काही दस्तांत सापडतं, काहींत नाही.

इंग्रजी शब्द अगदी बरोबर सापडतात. ओसीआरची (स्कॅनच्या चित्रातून मजकूर वाचण्याची) भाषा मराठी अधिक इंग्रजी ठेवली आहे. इंडेक्स (शोधासाठीची शब्दसूची) दोनदा नव्याने बांधला. दस्त उघडून कंटेंटच्या टॅबमध्ये पाहिलं तर ‘पाटील’ व्यवस्थित लिहिलेलं दिसतं. मजकूर बरोबर असताना शोध का चुकतो?

टाचणी

मुळाशी जाण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. शोध कोणत्या वापरकर्त्याच्या लॉगिनमधून करताय? वेब पानावरून चढवलेल्या दस्ताचा मालक म्हणून चढवणाऱ्याचं नाव लागतं, आणि परवानगी दिल्याशिवाय तो दस्त दुसऱ्या वापरकर्त्याच्या यादीतही दिसत नाही आणि शोधातही येत नाही. कन्झम्प्शन फोल्डरमधून (ज्यात टाकलेली फाइल पेपरलेस आपोआप आत घेतं) आलेल्या दस्ताला मालक नसतो, म्हणून तो सगळ्यांना दिसतो. ‘काही सापडतात, काही नाहीत’ या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. अ‍ॅडमिनच्या लॉगिनमधून तोच शब्द शोधून आकडा जुळतो का पाहा. जुळत नसेल तर वर्कफ्लोचा नियम लावून नव्या दस्तांना गटाची परवानगी आपोआप द्या आणि जुन्यांना यादीतून एकगठ्ठा द्या.

‘पाटील’ शून्य येण्याचं कारण मात्र हे नव्हे. ते इंजिनातच असणार.

मात्रावेलांटी

हो, इंजिनातच आहे. ते नीट कळलं की बाकीचा गोंधळ आपोआप उलगडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेपरलेसच्या ज्या आवृत्त्या व्हूश हे शोध-इंजिन वापरतात, त्यांत मजकुराचे शब्द पाडायचं काम पायथॉन भाषेतल्या रेग्युलर एक्स्प्रेशनवर (अक्षरांचा नमुना जुळवण्याच्या नियमावर) चालतं. त्यातल्या ‘शब्दातलं अक्षर’ या वर्गात मूळाक्षरं आणि अंक येतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याचं चिन्ह येत नाही. युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरांना क्रमांक देण्याच्या पद्धतीत) ही सगळी जोडचिन्हं धरली आहेत आणि पायथॉनचा हा वर्ग जोडचिन्हांना अक्षर मानत नाही. त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो. त्यावर आणखी एक चाळणी असते: दोन अक्षरांपेक्षा लहान तुकडा इंडेक्समध्ये जातच नाही.

आता तुमची उदाहरणं घ्या.

‘पाटील’ तुटून प, ट, ल असे तीन तुकडे होतात. तिन्ही एकेका अक्षराचे, म्हणून तिन्ही गळतात. शोधायला काही उरतच नाही, म्हणून शून्य. ‘शिंदे’, ‘मोरे’, ‘विहीर’ यांचंही असंच होईल, करून पाहा.

‘फेरफार’चे तुकडे फ, रफ, र. उरतो फक्त ‘रफ’. म्हणजे तुम्ही शोधत असता ‘रफ’.

‘खरेदीखत’चे खर, द, खत. उरतात ‘खर’ आणि ‘खत’. हे दोन तुकडे दस्तात कुठेही, कितीही अंतरावर असले तरी इंजिनाला चालतं. ‘खर्च’ तुटला की ‘खर’ मिळतो आणि ‘मुखत्यार’ तुटला की ‘खत’. ज्या हिशेबाच्या तक्त्यात हे दोन्ही शब्द असतील तो खरेदीखत म्हणून समोर येतो. तुमचे खर्चाचे तक्ते असेच आले असणार.

‘फेर*’ला शून्य, कारण ताराचिन्ह लावलेला शब्द इंजिन तोडत नाही, जसाच्या तसा इंडेक्समध्ये शोधतं. इंडेक्समध्ये मात्रा असलेला एकही तुकडा नसल्यामुळे ‘फेर’ने सुरू होणारं काही मिळणं शक्यच नाही. ‘गट’, ‘घर’, ‘रक्कम’ यांच्यावर करून पाहा. पहिल्या दोन शब्दांना मात्रा नाही, ते बरोबर सापडतील. ‘रक्कम’मध्ये पाय मोडलेला क आहे, त्याचे ‘रक’ आणि ‘कम’ होतील.

इंडेक्स कितीदाही बांधला तरी तो याच नियमाने बांधला जातो. ते थांबवा.

आजपासून करायचं ते एवढंच: दस्तांच्या यादीवरचा ‘टायटल अँड कंटेंट’ हा फिल्टर वापरा. तो व्हूशकडे जात नाही, थेट डेटाबेसमधल्या मजकुरात अक्षरांची ओळ जुळवतो. ‘पाटील’ तिथे सापडेल. १४,००० दस्तांना थोडा वेळ लागतो, पण उत्तर खरं येतं.

त्याचे दोन नियम लक्षात ठेवा. ताराचिन्ह तिथे नको. तो शब्दाच्या मधला तुकडाही जुळवतो. आणि दोन शब्द टाकले तर मधल्या मोकळ्या जागेसकट ती एकच ओळ धरली जाते. स्कॅनमध्ये ‘गट’ ओळीच्या शेवटी आणि ‘क्रमांक’ पुढच्या ओळीत असेल तर ‘गट क्रमांक’ जुळणार नाही. एकच नेमका शब्द टाका आणि बाकीची गाळणी टॅग, दस्तप्रकार, तारीख यांनी करा.

गठ्ठा_क्रमांक

वरचं निदान पूर्ण बरोबर. कोणाला व्हूशच दुरुस्त करायचा असेल तर इंडेक्सच्या आराखड्यात शब्द पाडण्याची व्याख्या बदलता येते: नेहमीच्या अक्षरवर्गात युनिकोडचा देवनागरी पट्टा आणि दोन अदृश्य जोडक (अक्षरांची जोडणी ठरवणारी चिन्हं: झेडडब्ल्यूजे, झेडडब्ल्यूएनजे) मिळवायचे, मग इंडेक्स नव्याने बांधायचा. पट्टा सरसकट घेऊ नका. ०९६४ आणि ०९६५ हे दंड आहेत. ते आत आले तर वाक्याच्या शेवटचा शब्द दंडासकट इंडेक्समध्ये बसतो आणि पुन्हा सापडत नाही. ते दोन सोडून बाकीचे घ्या. हा बदल डॉकर प्रतिमेच्या आत करावा लागतो, म्हणजे प्रत्येक अपडेटला पुन्हा करणं आलं. सांभाळणारा माणूस असेल तरच यात पडा.

इलॅस्टिकसर्च हे वेगळं शोध-इंजिन हा दुसरा मार्ग. मायन ईडीएमएस हे पेपरलेससारखं दुसरं सॉफ्टवेअर त्यावर चालवता येतं. इलॅस्टिकसर्चचा स्टँडर्ड टोकनायझर (शब्द पाडणारा भाग) मात्रा तोडत नाही. मराठीचा तयार अ‍ॅनालायझर (शब्द पाडून एकसारखे करणारा संच) तिथेही नाही, हिंदीचा आहे. ‘डेसिमल डिजिट’ फिल्टर मराठी आणि इंग्रजी अंक एकच करतो, ‘इंडिक नॉर्मलायझेशन’ लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धती एकत्र आणतो. हिंदी नॉर्मलायझेशन लावायचं तर वेगळ्या उपक्षेत्रात लावा. तो ऱ्हस्व-दीर्घ एक करतो आणि पाय मोडण्याचं चिन्हही काढतो, त्यामुळे सापडतं पुष्कळ पण नेमकेपणा जातो.

१४,००० दस्तांसाठी एवढा संसार मांडावा असं मला वाटत नाही. डेटाबेसचा फिल्टर पुरतो.

खातेवही

फिल्टरने ‘पाटील’, ‘फेरफार’, ‘विहीर’ तिन्ही सापडले. मनापासून धन्यवाद.

आता उरलेले प्रश्न असे. संगणकावर टाइप केलेल्या जुन्या दस्तांतलं काहीच सापडत नाही. त्यांच्या कंटेंटमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा आहे. डिजिटल सहीच्या काही दस्तांचंही तसंच. आणि ‘शेतकऱ्यांच्या’ अजूनही अर्धेच दस्त देतं.

शाईपट्टी

जुने दस्त युनिकोडपूर्व फॉन्टमधले आहेत: श्रीलिपी, सी-डॅकच्या आयएसएममधले डीव्हीबी-टीटी सुरेख, योगेश वगैरे, किंवा कृतिदेव. त्यांत आतला मजकूर रोमन संकेतांचाच असतो, मराठी फक्त फॉन्टच्या आकारात दिसतं. खात्री करायची तर पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये डकवा.

आता ओसीआर का झालं नाही ते. पेपरलेसचा ओसीआर मोड मुळात ‘स्किप’ असतो: ज्या पानावर मजकूर आहे ते पान सोडून द्यायचं. त्या कचऱ्यालाही तो मजकूरच समजतो. ‘रीडू’ लावूनही उपयोग नाही, कारण तो आधीच्या ओसीआरचा अदृश्य थर काढतो, पानावर दिसणाऱ्या खऱ्या मजकुराला हात लावत नाही. तुम्हाला ‘फोर्स’ हवा. त्यात पानाचं चित्र करून टेसरॅक्ट हे ओसीआरचं इंजिन ते नव्याने वाचतं.

‘फोर्स’ सगळ्या दप्तरावर लावू नका. चांगल्या युनिकोड पीडीएफचा अचूक मजकूर जाऊन तिथे ओसीआरचा अंदाज येईल आणि फायलीही फुगतील. क्रम असा ठेवा:

१. डेटाबेसमध्ये क्वेरी करून ज्यांच्या मजकुरात अ ते ह यांपैकी एकही देवनागरी अक्षर नाही अशा दस्तांचे क्रमांक काढा. त्यांतले खरोखर इंग्रजी दस्त नजरेने वेगळे करा.
२. उरलेल्यांना ‘जुना फॉन्ट’ असा टॅग लावा.
३. मोड ‘फोर्स’ करून कंटेनर पुन्हा सुरू करा. त्या काळात नवीन दस्त आत घेऊ नका.
४. त्या टॅगचे दस्त २००-२०० च्या तुकड्यांनी निवडून ‘रीप्रोसेस’ करा. प्रत्येक तुकड्यातले चार-पाच दस्त उघडून कंटेंट वाचा.
५. मोड परत ‘स्किप’ करा. ही पायरी बरेच जण विसरतात.

तेवढ्यात एखादा जुना दस्त तातडीने हवा असेल तर सोपी युक्ती आहे. त्याच फॉन्टच्या एखाद्या पीडीएफमधून हवा तो शब्द कॉपी करा आणि तो कचराच टायटल अँड कंटेंटमध्ये डकवा. फॉन्ट तोच असेल तर कचराही बहुधा तोच असतो, आणि दस्त सापडतो.

डिजिटल सहीच्या पीडीएफचं कारण वेगळं. ओसीआरएमवायपीडीएफ (पेपरलेस ओसीआरसाठी वापरतं ते साधन) सही असलेल्या फायलीवर काम करायचं नाकारतं, कारण फाइल बदलली की सही अवैध ठरते. मग पेपरलेस मूळ फाइलमध्ये जो मजकूर असेल तोच घेऊन पुढे जातं. लॉगमध्ये तशी सूचना सापडेल. ओसीआरच्या जादा पर्यायांत ‘इनव्हॅलिडेट डिजिटल सिग्नेचर्स’ चालू केलं तर ओसीआर होतं; आत कचरा-मजकूर असेल तिथे मोडही वरच्यासारखा ‘फोर्स’ लागेल. मूळ फाइल पेपरलेसमध्ये जशीच्या तशी राहते, सही तुटते ती फक्त त्याने बनवलेल्या अर्काइव्ह प्रतीतली. कोणाला सहीची प्रत द्यायची तेव्हा डाउनलोड करताना ‘ओरिजिनल’च निवडा, हे कार्यालयात सगळ्यांना सांगून ठेवा.

स्कॅनचंही थोडं. २०० डीपीआय काळं-पांढरं मराठीला कमी पडतं. ३०० डीपीआय ग्रेस्केल करा. स्कॅनरमधलं ठिपके साफ करण्याचं सेटिंग बंद ठेवा, कारण ते अनुस्वारही ठिपका म्हणून पुसतं. पेपरलेसमध्ये ओसीआरआधीची ‘क्लीन’ पायरी मुळात चालू असते. बारीक टाइपाच्या पानांना ती ‘नन’ करून एकदा फरक पाहा.

आणि भाषेची सेटिंग दोन आहेत, नावात फक्त एकवचन-अनेकवचनाचा फरक. अनेकवचनी सेटिंग डॉकरमध्ये भाषा बसवतं, एकवचनी सेटिंग ती वापरतं. डॉकर प्रतिमेत इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश आधीच असतात. मराठी आपल्याला बसवावी लागते. वापरायच्या सेटिंगमध्ये मराठी आधी लिहा, इंग्रजी नंतर. हिंदी तिसरी जोडू नका, वेळ वाढतो.

मात्रावेलांटी

‘शेतकऱ्यांच्या’चं सांगतो. आडव्या र चं लेखन संगणकात दोन तऱ्हांनी होतं. एक, ऱ (युनिकोड ०९३१) आणि पाय मोडण्याचं चिन्ह. दोन, साधा र, पाय मोडण्याचं चिन्ह आणि अदृश्य जोडक झेडडब्ल्यूजे. दिसायला दोन्ही सारखेच, आतून वेगळे. कोणता कीबोर्ड कोणता देईल याचा नेम नाही. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरणही (समान अक्षरं एका रूपात आणण्याची रीत) या दोघांना एक करत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ते समान नाहीतच.

तसाच दुसरा सापळा म्हणजे ‘ॲड.’ ॲ हे ०९७२ असं एकच अक्षर असू शकतं, किंवा अ वर चंद्र, किंवा अ, जोडक आणि चंद्र. वकिलांची नावं असलेल्या दप्तरात हा त्रास रोजचा. ०९७२ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, म्हणून त्याआधीच्या मजकुरात ते मिळणारच नाही.

यावर पोस्ट-कन्झ्यूम स्क्रिप्ट लावा: दस्त आत आला की मजकूर घ्या, एकसारखा करा, एपीआयने (प्रोग्रॅमला पेपरलेसशी बोलायच्या सोयीने) परत लिहा. जुन्या दस्तांवर तीच स्क्रिप्ट एकदा फिरवा. पण ‘रीप्रोसेस’ केलं की मजकूर पुन्हा लिहिला जातो, म्हणून त्यानंतर ती परत फिरवावी लागेल. बदलांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ‘र, पाय, जोडक’ याचं ‘ऱ, पाय’ करा, ॲ ची तिन्ही रूपं एक करा, आणि मगच उरलेले अदृश्य जोडक काढा. जोडक आधी काढलात तर आडव्या र चा रफार होतो: ‘आचाऱ्यांना’ दिलेले पैसे ‘आचार्यांना’ दिल्यासारखे दिसतील आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होईल. हे नुकसान नंतर भरून काढता येत नाही.

शोधताना विभक्तीचाही विचार करा. आपल्याकडे शब्द प्रत्ययाआधीच बदलतो. ‘जमीन’ची ‘जमिनीचा’, ‘विहीर’ची ‘विहिरीतून’, ‘पाटील’चं ‘पाटलांच्या’, ‘रस्ता’चं ‘रस्त्याने’. फिल्टर मधला तुकडा जुळवतो, म्हणून दोनदा शोधा: एकदा ‘जमीन’, एकदा ‘जमिन’. पाटलांसाठी ‘पाटील’ आणि ‘पाटल’. ‘पाट’ एवढंच टाकलं तर पाटबंधाऱ्याची सगळी पत्रं येतील. ‘रस्त्या’ टाकलं की रस्त्याचा, रस्त्यालगत, रस्त्यासाठी सगळं येतं, फक्त नुसता ‘रस्ता’ वेगळा शोधावा लागतो.

ओसीआरच्या नेहमीच्या चुका: ख च्या जागी रव, भ आणि म, घ आणि ध, थ आणि य, ब आणि व. ‘खराडे’ मिळत नसेल तर ‘रवराडे’ शोधून पाहा.

टाचणी

दप्तरात हाताने लिहिलेले जुने फेरफार किंवा मोडीतले दस्त असतील तर त्यांच्या मजकुराच्या शोधाची आशा धरू नका. टेसरॅक्टचं मराठी मॉडेल छापील देवनागरीसाठी आहे. तिथे दस्ताला जोडलेली माहितीच उपयोगी पडते, आणि खरं तर छापील दस्तांतही अर्धे शोध तिनेच भागतात.

कस्टम फील्ड करा: गाव, तालुका, गट किंवा सर्व्हे क्रमांक, हिस्सा, फेरफार क्रमांक, दस्त क्रमांक, नोंदणीचं वर्ष. गावाबरोबर तालुका हवाच. वडगाव, पिंपळगाव किती तरी आहेत, आणि बुद्रुक-खुर्द वेगळं लिहिलं नाही तर दोन गावांचे दस्त एकमेकांत जातात. गावाचं फील्ड ‘सिलेक्ट’ प्रकारचं ठेवा, म्हणजे प्रत्येक जण आपापल्या शुद्धलेखनाने गाव लिहिणार नाही.

एएसएन, म्हणजे दस्ताचा अनुक्रमांक, बारकोडच्या चिकटपट्टीवर छापून मूळ कागदाला लावा. बारकोड वाचायचं सेटिंग चालू असेल तर स्कॅन करतानाच तो क्रमांक दस्ताला लागतो, आणि सापडलेल्या पीडीएफवरून कपाटातला गठ्ठा गाठता येतो.

खातेवही

स्क्रिप्ट चाचणीच्या ३०० दस्तांवर फिरवली, ‘शेतकऱ्यांच्या’ जुळलं. शेवटचा प्रश्न गट क्रमांकाचा. काही पानांवर अंक मराठी, काहींवर इंग्रजी, आणि हिस्सा कुठे तिरप्या रेघेने लिहिलेला, कुठे आडव्या.

गठ्ठा_क्रमांक

अंकांसाठी त्याच स्क्रिप्टमध्ये आणखी एक बदल घाला: मजकुरातले दहाही मराठी अंक इंग्रजी करा. दस्ताच्या चित्रावर मराठी अंकच राहतील, बदलेल तो फक्त शोधाचा मजकूर. मग शोधताना नेहमी इंग्रजी अंकच टाका. मजकुरातल्या क्रमांकावर फार विसंबू नका; ओसीआरमध्ये १ आणि ९ यांची अदलाबदल होते, आणि ‘१२’ शोधलं की ११२ आणि १२५ पण येतात, कारण फिल्टर तुकडा जुळवतो.

म्हणून गट क्रमांक कस्टम फील्डमध्येच भरा, आणि ‘नंबर’ प्रकारात न भरता ‘टेक्स्ट’मध्ये भरा. ‘१२३/२अ’ संख्येच्या फील्डमध्ये बसत नाही. लिहिण्याची पद्धत एकच ठरवा: इंग्रजी अंक, तिरपी रेघ, मध्ये मोकळी जागा नाही, हिस्स्याचं अक्षर मराठी. शोधताना त्या फील्डवर ‘इक्वल टू’ लावा, ‘कंटेन्स’ नको, नाहीतर २३/२ शोधताना १२३/२ पण येईल.

आधी चालू व्यवहारांतल्या गावांचे दस्त भरून घ्या, बाकीचे जसे हाताखाली येतील तसे. सूची क्रमांक २ वरून भरायला सुरुवात करा. गाव, गट, दस्त क्रमांक आणि तारीख एकाच पानावर मिळतात, आणि त्याच दस्त क्रमांकाने मूळ खरेदीखतालाही तीच माहिती लावता येते.